गळ्यातला काळा दोरा आणि गळ्यातला टाय

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहत उभा होतो. एक ज्येष्ठ वकील जवळ आले. माणूस सज्जन, वयाने माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा. माझ्या गळ्यातला टाय दोन बोटांत धरून म्हणाले, "वा वकीलसाहेब! असा विणलेला रेशमी टाय हल्ली पाहायला मिळत नाही. कुठून आणलात?" मी खरे ते सांगितले, "चोरबाजारातून. ऐंशी रुपयांना." गरम इस्त्रीला हात लागावा तशी त्यांनी बोटे काढून घेतली. "म्हणजे कुणाच्या तरी गळ्यातला?" "होय," मी म्हणालो, "आणि तो माणूस बहुधा हयातही नसेल." तेवढ्यात आमचा पुकारा झाला आणि विषय तिथेच राहिला.

पण ती मागे गेलेली बोटे काही माझ्या डोक्यातून जात नव्हती. त्यांच्या मनात जातपात होती असे मी म्हणत नाही, कारण अगदी तशीच बोटे माझ्या आईनेही मागे घेतली होती! तिचे कारण मात्र वेगळे होते. ते कारण सांगण्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच. पण आधी या नादाविषयी.

मला जुने टाय जमवण्याचा आणि ते वापरण्याचा नाद आहे. आजमितीस माझ्याकडे त्रेसष्ट टाय आहेत. कोर्टात त्यांतले दोनच चालतात. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालय, जिल्हा, सत्र व शहर दिवाणी न्यायालयात पांढरे बँडच लावावे लागतात. त्याखालच्या कोर्टांत बँडऐवजी काळा टाय चालतो. म्हणून माझे दोन काळे टाय पोटापाण्याचे, बाकीचे एकसष्ट हौसेचे. चळवळीतल्या माणसाने असली हौस करावी काय, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. एका तरुण कार्यकर्त्याने तर तोंडावर म्हटले, "सर, हा साहेबी थाट झाला." मी त्याला चहा पाजला आणि म्हणालो, तुझ्या वस्तीच्या चौकात जो पुतळा उभा आहे, त्याच्या गळ्यात काय आहे ते एकदा पाहून ये.

आता हे टाय मिळतात कुठे? मुंबईत शुक्रवारी पहाटे चोरबाजारात. त्या दिवशी मटण स्ट्रीटची नेहमीची दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर जुम्म्याचा बाजार भरतो. उजाडायच्या आत गेले पाहिजे. उशिरा पोहोचलात तर चांगला माल गेलेला असतो, उरतात ती चार्जरची वेटोळी. पुण्याला काम निघाले तर बुधवार किंवा रविवार साधून जुन्या बाजारात एक फेरी ठरलेली. आणि तिसरा मार्ग बोहारणीचा. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी ती बाई घराघरांतून जे गोळा करते, त्यात साड्या-पँटींच्या ढिगात कधीतरी एखादा टाय असतो. तिच्या लेखी त्याला शून्य किंमत. टायची ना पिशवी होते, ना पायपुसणे. "ये कोई पट्टी है, ले जाओ साब," असे म्हणून एकीने तो मला फुकट दिला होता. त्याच्या मागच्या लेबलवर ‘टूटल’ हे इंग्लंडमधल्या कंपनीचे नाव होते. त्या दिवशी बाजारातून परतताना मला केस जिंकल्याचा आनंद झाला होता.

जुना टाय ओळखायचा कसा? डोळ्यांपेक्षा हाताने. पहिली गोष्ट कापडाची. चांगला टाय उरेब कापलेला असतो, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरका. त्यामुळे तो गाठ मारताना ताणला जातो आणि सोडल्यावर पूर्ववत होतो. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ याने १९२० च्या दशकात टाय असा तिरका कापून तीन तुकड्यांत जोडण्याची पद्धत बसवली. तीच आजही चालते. टाय अरुंद टोकाला धरून लोंबता सोडावा. सरळ लोंबला तर कापणाऱ्याने इमान राखले, गिरकी घेतली तर कापड वाचवले! दुसरी गोष्ट मागच्या शिवणीची. हाताने शिवलेल्या टायमध्ये एकच लांब दोरा सैल टाक्याने वरपासून खालपर्यंत गेलेला असतो आणि शेवटी त्याची छोटी मोकळी वेटोळी ठेवलेली असते. न समजणारी माणसे सुटलेला दोरा समजून ती कापतात. कापू नये. गळ्याभोवतीचा रोजचा ताण त्या मोकळ्या दोऱ्यावर जिरतो. तिसरी परीक्षा आगीची, ती जपून करावी. आतल्या शिवणीतला एक धागा काढून पेटवावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर रेशीम. कागदासारखा भुर्रकन जळला तर रेयॉन. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, म्हणजे आपल्याकडचे ते प्रसिद्ध टेरीन.

रुंदीवरून काळ सांगता येतो. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई होती. युद्ध संपताच अमेरिकेत चार इंचांहून रुंद, भडक, कधी हाताने रंगवलेले टाय आले. जणू टंचाईचा सूड! पन्नाशीच्या दशकात ते आवळत गेले आणि साठीच्या सुरुवातीस दोन इंचांवर आले. सत्तरीत पुन्हा चार-पाच इंच, इतके की जेवताना वेगळा रुमाल नको. शिवाय चाळीशीतले टाय आजच्या साधारण सत्तावन्न-अठ्ठावन्न इंचांपेक्षा बरेचदा आखूड भरतात, कारण त्या वेळी पँट बेंबीवर असे. असा टाय आजच्या पँटवर लावला तर टोक पोटावरच थांबते आणि माणूस शाळेतल्या पोरासारखा दिसतो. उपाय सोपा आहे. साधी एकेरी गाठ मारावी आणि वर कोटाचे बटण लावावे. केंब्रिजच्या दोन शास्त्रज्ञांनी १९९९ साली गणित मांडून टाय बांधण्याचे पंच्याऐंशी प्रकार मोजून काढले होते. मला तीन येतात आणि तेवढ्यावर आयुष्य निभावले आहे.

माझ्या संग्रहातला पहिला टाय मात्र यांतल्या कुठल्याच परीक्षेत पास होणार नाही. तो आहे तयार गाठीचा, मागे इलॅस्टिक असलेला, मरून रंगाचा, निव्वळ पॉलिएस्टर. आमच्या घरात वडिलांचा एक फोटो आहे. वडील एका बँकेत शिपाई होते. आयुष्यभर त्यांच्या अंगावर खाकी होती. पण फोटोत ते कोट आणि टाय घालून बसले आहेत, मागे रंगवलेला जिना आणि कुंडी. लहानपणी मला वाटे, बाबांकडे कोट होता, तो गेला कुठे? पुढे कळले की कोटही फोटो स्टुडिओचा आणि टायही स्टुडिओचा. त्या काळी बऱ्याच स्टुडिओंत भिंतीवर एक कोट, एक कंगवा आणि एक टाय टांगलेला असे. लग्न जमलेला मुलगा, नोकरीला लागलेला मुलगा, बी.ए. झालेला मुलगा आत जाई आणि साहेब होऊन कागदावर उमटे. डिजिटल कॅमेरे आले आणि आमच्या भागातला तो स्टुडिओ मोडीत निघाला, तेव्हा मी नुकती सनद घेतली होती. मालक सामान विकत होता. खिळ्याला तो टाय तसाच होता. त्याने पन्नास रुपये मागितले, मी दिले.

किती गळ्यांत तो गेला असेल? आमच्या वस्तीतल्या दोन पिढ्यांच्या फोटोंत मी तो ओळखू शकतो. एकाच टायमधले चाळीस-पन्नास नवरदेव! कुणी त्याला नक्कल म्हणेल. मी म्हणत नाही. ज्यांच्या वाडवडिलांचा एकही फोटो नाही, त्यांनी पहिल्यांदा स्वतःची प्रतिमा करून घ्यायची ठरवली तेव्हा बाबासाहेब जसे दिसत तसे दिसायचे ठरवले. यात चुकले काय?

टायचा उगम सांगतात तो सतराव्या शतकातल्या क्रोएशियन शिपायांच्या गळपट्ट्यात. फ्रेंचांनी तो उचलला आणि ‘क्रॅव्हॅट’ हे नाव त्या ‘क्रोएट’वरूनच पडले. हा इतिहास कुठेही वाचायला मिळेल. आपल्या दृष्टीने मौजेचा भाग पुढचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी टायलाच जात लावली! ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजच्या नावाड्यांनी १८८० साली टोपीच्या रंगीत फिती काढून गळ्यात बांधल्या असे सांगतात. मग प्रत्येक शाळेचा, पलटणीचा, क्लबचा पट्टा ठरला. ज्या शाळेत तुम्ही शिकला नाहीत तिचा पट्टा तुम्ही गळ्यात बांधायचा नाही. बांधला तर लोक बोलून दाखवत नाहीत, भुवया उंचावतात. मोठ्या शाळांतली पोरे एकमेकांना नोकऱ्या लावतात, पदे वाटतात, त्या साखळीला इंग्रजीत नावच मुळी ‘ओल्ड स्कूल टाय’ आहे. रंगीत पट्ट्यावरून माणसाचे गोत्र ओळखायचे, ही कला आपल्याच देशाची मिरास नाही तर! गंमत म्हणजे अमेरिकेच्या ब्रुक्स ब्रदर्सने तेच पट्टे उलट्या तिरक्या दिशेने छापले आणि कुणालाही विकले. खांद्यावरून पट्टा कोणत्या बाजूला उतरतो हे पाहून जुन्या पट्टेदार टायचे मूळ इंग्रजी की अमेरिकन, याचा प्राथमिक अंदाज बांधता येतो. माझ्याकडे कुठल्याशा क्लबचे चिन्ह असलेला एक सुंदर निळा टाय आहे. तो मी वापरत नाही. त्यांचा नियम मोडायला मी घाबरतो म्हणून नव्हे. दुसऱ्याची जात गळ्यात बांधून हिंडण्याची मला हौस नाही एवढेच.

आता आईकडे येतो. मी जुने टाय घरी आणू लागलो तेव्हा तिने पहिला प्रश्न तोच विचारला, "कुणाचा रे हा?" मी म्हणालो, बाजारातला. "बाजारात कुठून आला? मेलेल्याचाच ना?" आणि तिने हात मागे घेतला. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली. तिच्या आजीने अंगावरचे नवे कोरे लुगडे आयुष्यात म्हणे दोनदा पाहिले. एरवी गावातल्या मढ्यावरचे कापड घरी यायचे. ते धुऊन त्याचे नेसूचे व्हायचे, पोरांच्या कुंच्या व्हायच्या. तो बलुत्यातला हक्क! "आमच्या आजीने ते कापड अंगावरून उतरवावे म्हणून बाबासाहेब झिजले. आणि तू वकील होऊन पैसे देऊन तेच घरात आणतोस?" असे ती म्हणाली.

मी निरुत्तर झालो. कोर्टात मी इतका निरुत्तर कधी झालेलो नाही.

कारण तिचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी कायदा आहे: वस्त्रे प्रेतावरची, भांडी फुटकी, दागिने लोखंडाचे. त्याच अध्यायात पुढे शूद्र सेवकाला काय द्यावे तेही आहे: उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या अंगावरचे फाटके हे केवळ दारिद्र्याचे फाटके नव्हते, ते कलमाचे फाटके होते. गळ्याचे म्हणाल तर बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या १९३६ सालच्या, करू न दिलेल्या भाषणात लिहून ठेवले आहे की पेशव्यांच्या राज्यात अस्पृश्याला मनगटावर किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे, चुकून कुणाला त्याचा विटाळ होऊ नये म्हणून. आणि पुण्यात थुंकीसाठी गळ्यात मडके. गळा ही आपल्या इतिहासातली साधीसुधी जागा नाही! म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाल्यावर बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की अस्पृश्यतेची खूण पटवणारे नेसणे आणि दागिने टाका, लुगडे इतर स्त्रियांसारखे नेसा. कपड्याची बाब त्यांना क्षुल्लक वाटली असती तर त्या ऐतिहासिक परिषदेत त्यांनी त्यावर वेळ घालवला नसता. गांधीजींनी १९२१ साली मदुराईत अंगावरचे कपडे उतरवून पंचा स्वीकारला आणि देशाने त्यांना महात्मा मानले. ज्याच्याकडे उतरवायला काही होते त्याने उतरवले. ज्याच्या अंगावर काही येऊच दिले नाही, त्याचा त्याग कसा दिसणार? तो कोट घालूनच दिसणार.

आणि हे सारे इतिहासजमा झाले असेही नाही. २०२३ साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला मारहाण झाली. तक्रारीनुसार त्याचा अपराध इतकाच होता की त्याने चांगले कपडे आणि गॉगल घातला होता. ज्या दिवशी ही बातमी वाचली त्या दिवशी मी मुद्दाम लाल ठिपक्यांचा टाय बांधून बाहेर पडलो. त्याने त्या तरुणाला काही मिळाले नाही, हे मला कळते.

तर आईला उत्तर काय द्यायचे? मी वकील. सहजासहजी पुरावा बंद करत नाही. मी विनयपिटकाकडे वळलो. भगवान बुद्धांच्या संघात सुरुवातीला भिक्खूंचे चीवर कशाचे असे? पांसुकूल, म्हणजे धुळीत, उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्यांचे. तेच मढ्यावरचे कापड! महाकाश्यपासारखे थोर भिक्खू ते अभिमानाने धारण करत. पुढे वैद्य जीवकाने गृहस्थांनी दिलेली वस्त्रे स्वीकारावीत अशी विनंती केली तेव्हा तथागतांनी अनुमती दिली. पण कशी? ज्याला हवे त्याने पांसुकूल वापरावे, ज्याला हवे त्याने गृहस्थाचे दान घ्यावे. इथे मला कायद्याचा मूळ मुद्दा सापडला. मनूच्या कलमात स्मशानातले कापड आहे आणि विनयातही स्मशानातलेच कापड आहे. कापड एकच. एका ठिकाणी ‘हवे त्याने’ हा शब्द आहे, दुसऱ्या ठिकाणी तो नाही. मी हे मोठ्या उत्साहाने आईला ऐकवले. आईने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "भिक्खूला घर नसते रे. तुला आहे. आधी डेटॉलच्या पाण्यातून काढ, मग कपाटात ठेव."

एवढ्यावर तडजोड झाली. (डेटॉलच्या पाण्यातून मात्र मी काढत नाही, हे तिला अद्याप सांगितलेले नाही. रेशमी टाय पाण्यात बुडवला की वरचे कापड आणि आतले अस्तर वेगवेगळे आकसते, रंग फुटतो आणि टायची दोरी होते. सावलीत चार दिवस वारा दाखवायचा, मऊ ब्रशने झटकायचे, सुरकुत्या असतील तर लांबून वाफ द्यायची. इस्त्री दाबून फिरवायची नाही, कडा चपट्या होतात.)

या नादाने मला एक वेगळी दृष्टी दिली. आपल्या पुतळ्यांकडे पाहा. निळा कोट, आणि टाय बहुतेक ठिकाणी लाल. बाबासाहेबांची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत, त्यांत टायचा रंग दिसत नाही. तो लाल रंग गावोगावच्या मूर्तिकाराने आणि रंगाऱ्याने ठरवला. माझी तक्रार नाही, लोकांच्या श्रद्धेने ठरवलेला रंग तो. पण खऱ्या वस्त्रांकडे आपले लक्ष असते काय? पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसच्या संग्रहालयात माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू आहेत. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात नानकचंद रत्तूंनी जपलेल्या आणि वामनराव गोडबोले यांनी सांभाळलेल्या वस्तू आहेत, त्यांत त्यांचे कपडे आहेत. आपण तिथे जातो, हात जोडतो, फोटो काढतो. कोटाचे कापड, टायची विण, शिंप्याचे लेबल मात्र कोण पाहतो? कुठल्या हवामानात ते कापड किती वर्षे टिकेल, हे विचारण्याचा हक्क आपला नाही तर कुणाचा?

आणि त्याहून जवळचे सांगतो. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या काळातले, समता सैनिक दलातले, १९५६ ला नागपूरला गेलेले आपले आजोबा-पणजोबा सभेला जाताना एक कोट घालत. एखादा टायही असे. तो कोट, तो टाय आज कुठे आहे? माणूस गेला की तेराव्याचे कर्मकांड आपण करत नाही हे खरे, पण कपाट रिकामे करण्याची घाई आपल्यालाही असतेच. पुण्यानुमोदन झाले की आठवड्याभरात बोहारीण येते आणि चळवळीचा एक पुरावा एका पातेल्यावर जातो. चोरबाजारात माझ्या हाती आलेल्या टायपैकी एखादा आपल्याच कुणाचा नसेल कशावरून? त्यावर नाव नाही, म्हणून सांगता येत नाही.

तेव्हा समाजबांधवांनो, ट्रंकेत असे काही असेल तर ते देऊन टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, पावसाळ्यात आत घाम धरतो आणि बुरशी येते. धुवून धुवून मऊ झालेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळा. टाय घडी घालून ठेवू नका, सैल गुंडाळी करा, घडीवर रेशीम चिरते. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवा, पण कापडाला चिकटून नको. आणि एका चिठ्ठीवर लिहा: हा कुणाचा, कुठल्या सभेत घातला, कुठल्या फोटोत दिसतो. चिठ्ठी पिनने टोचू नका, गंज लागतो. दोऱ्याने बांधा.

मागच्या आठवड्यात एका भगिनीचा फोन आला. तिचे आजोबा फेडरेशनच्या काळातले कार्यकर्ते. माळ्यावर ट्रंक आहे, तीत एक काळा कोट आणि दोन टाय आहेत, एकाला कसर लागली आहे, पुढच्या महिन्यात घर पुनर्विकासात जाते आहे, काय करू? मी म्हणालो, हात लावू नका, रविवारी येतो. घरी सांगितले तेव्हा आई काही बोलली नाही. संध्याकाळी पाहिले तर तिने वडिलांचे एक जुने धोतर कपाटातून काढून, फाडून, त्याचे तीन सारखे तुकडे करून माझ्या बॅगेवर ठेवले होते.